पाऊस नसताना चढलेलं पाणी

ब्रोल्गा लेकचं पाणी विवेक रोज सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या बघायचा, पण अ‍ॅडलेडमध्ये बसून. लेक तिकडे वर, नॉर्थला. कॅथरीन गावाहून दिवसभर गाडी हाकली की उतरत्या दुपारी दिसणारं. आणि विवेकचं ऑफिस मॉसन लेक्सला, जिथली तळी माणसांनी खणली आणि बदकांनी बळकावली. नॉर्थचं लेक त्याच्यापुरतं म्हणजे स्क्रीनवरची एक निळी रेघ होती. डिसेंबर-जानेवारीत तिकडे 'वेट' लागला की ती चढायची, एप्रिलमध्ये 'ड्राय' सुरू झाला की उतरायला लागायची आणि पुढच्या पावसापर्यंत उतरतच राहायची. ड्रायमध्ये तिकडे थेंब पडत नाही, तेव्हा रेघ वर जायचा प्रश्नच नव्हता. हे विवेकला इतकं पाठ झालं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं त्याला वाटतच नसे.

रेघ खरी असणं गरजेचं होतं, कारण तिच्यावर भांडणं अवलंबून होती. लेकच्या काठावर दोन मोठी स्टेशन्स, म्हणजे गुरांची कुरणं, होती, एकेक आपल्याकडच्या तालुक्याएवढं. ती पंपाने पाणी उचलत. पाणी एका खुणेच्या खाली गेलं की पंप बंद करायचे, असा सरकारी करार होता. पाण्यात बुडवलेला सेन्सर आकडे पाठवायचा. पण यंत्रावर आंधळा भरवसा टाकायचा नाही ही या धंद्यातली पहिली शिकवण, म्हणून दर पंधरवड्याला एक माणूस तिथे जाऊन काठावर रोवलेली मोजपट्टी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा, तिचा फोटो काढायचा आणि दोन्ही अ‍ॅडलेडला पाठवायचा. आलेलं सगळं तपासून 'बरोबर' किंवा 'शंकास्पद' असा शेरा मारणं हे विवेकचं काम.

तिथे जाणारा माणूस म्हणजे सुजित. त्याला विवेकनेच लावून घेतलं होतं.

सुजित इथे युनिव्हर्सिटीत मास्टर्सला आला तेव्हा पहिले काही आठवडे विवेकच्या सोफ्यावर झोपला होता. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये खुर्च्या मांडणारा, शेवटी त्याच खुर्च्या गोळा करणारा आणि मधल्या वेळात कुणाच्या तरी रडणाऱ्या पोराला बाहेर फिरवून आणणारा मुलगा. विवेकला दादा म्हणायचा आणि दादाशी वादही घालायचा. पुढे कॅथरीनची जागा निघाली. तिकडच्या उन्हात जायला इथल्या गोऱ्या पोरांपैकी कुणी तयार होईना, तेव्हा विवेकने मॅनेजर हेलनला सांगितलं, की माझ्या ओळखीचा एकजण आहे, चोख काम करेल. सुजित गेला, वर्षभराने अपर्णाशी लग्न करून तिलाही घेऊन गेला. ती तिथे चाइल्डकेअरमध्ये नोकरीला लागली. कंपनीने व्हिसासाठी स्पॉन्सर केल्यामुळे इथे कायम राहायचं पीआरही अगदी हाताशी आलं होतं. एकंदरीत छान चाललं होतं, आणि आपण लावलेलं रोप वाढताना बघून विवेकला मनातल्या मनात बरं वाटायचं.

पण हे बरं वाटणं त्याने चेहऱ्यावर कधी दिसू दिलं नाही. उलट सुजितच्या कामात तो जरा जास्तच बारकाईने बघे. हे त्याच्या घरातूनच आलं होतं. त्याचे वडील, यादवराव, पुण्याला पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. त्यांच्या हाताखाली आपल्या समाजाचा माणूस आला की त्याचं नशीब फुटलंच म्हणायचं. बाकीच्यांची रजा नुसत्या सहीवर मंजूर व्हायची. आपल्या माणसाला मात्र डॉक्टरचा दाखला आणावा लागायचा, आणि दाखला आणला तरी यादवराव तो उजेडात धरून बघायचे. कांताबाई घरी कुरकुरायच्या, की त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय तुमचं. यादवराव म्हणायचे, "बोट दाखवायला जागा द्यायची नाही." त्यांच्या बढतीच्या वेळी व्हरांड्यात कोण काय कुजबुजलं होतं ते त्यांच्या कानावर आलं होतं. तसलंच 'तुमचं काय बाबा' विवेकनेही इंजिनिअरिंगला असताना ऐकलं होतं, आणि तेही वर्गात दुसरा आलेला असताना. अशी वाक्यं माणूस विसरत नाही, विसरलो असं दाखवतो.

त्या वर्षी ड्रायच्या शेवटी लेककाठचं गवत पेटलं. तिकडे ते दरवर्षी कुठे ना कुठे पेटतंच. सेन्सरची केबल आणि वरचा डबा जळून गेला. नवा डबा यायला वेळ लागणार होता, तोवर निळी रेघ केवळ सुजितच्या डोळ्यांवर चालणार होती. पहिल्या खेपेचा आकडा आला, तो रीतसर खाली उतरलेला. दुसरा आला आणि विवेक खुर्चीत पुढे सरकला. पाणी दोन बोटं वर गेलं होतं. पाऊस नाही, वर नदीला पाणी नाही, उन्हाने सगळं वाळून चाललेलं, आणि लेक म्हणे चढलं. बरं, त्या खेपेला फोटोही नव्हता. सुजितने खाली लिहिलं होतं, की फोन पाण्यात पडला, फोटो गेले, आकडा मी पाहिलेलाच आहे.

या धंद्यात असल्या आकड्याचा एक अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. माणूस तिथे गेलाच नाही. दिवसभराचं ड्रायव्हिंग जिवावर आलं, घरी एसीत बसून मागच्या आकड्यावरून अंदाजाने एक आकडा ठोकला आणि अंदाज चुकला. आणि इथे तर आकडा वरच्या बाजूला चुकलेला, म्हणजे पंपवाल्यांच्या फायद्याचा. विवेक त्या आकड्याकडे कितीतरी वेळ बघत बसला. सुजित असं करेल असं त्याला क्षणभरही वाटलं नाही, हे इथेच स्पष्ट सांगून टाकायला हवं, कारण पुढचं सगळं त्यामुळेच वाईट आहे.

घरी त्याने दीक्षाला सांगितलं. त्याची बायको हॉस्पिटलात फार्मासिस्ट, गोष्टी सरळ बघणारी. ती म्हणाली, एवढं काय त्यात, फोन कर त्याला आणि विचार. विवेकने तिला कामाची शिस्त समजावून सांगितली. मी फोन केला तर ते आतून सांभाळून घेतल्यासारखं होतं, त्याला मीच लावलंय, उद्या काही निघालं तर म्हणतील आपला माणूस म्हणून पाठीशी घातला. दीक्षा म्हणाली, तुझी मर्जी, आणि डबे भरायला लागली. तिने तेव्हा भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं असं विवेकला पुढे कितीदा तरी वाटलं. पण बायको भांडली नाही हे खापर तिच्यावर फोडण्यात काय अर्थ होता!

दुसऱ्या दिवशी त्याने आकड्यावर 'शंकास्पद' असा शेरा मारला आणि थेट हेलनला मेल लिहिली. मेल अगदी कोरडी आणि निःपक्षपाती. एक तर फोटो नाही, शिवाय आकडा ऋतूशी जुळत नाही, त्या खेपेला प्रत्यक्ष भेट झाली होती का याची चौकशी व्हावी. वर हेही, की या व्यक्तीची शिफारस मी केली होती, म्हणून निर्णयात मला धरू नये. मेल पाठवल्यावर त्याला ताठ मानेने जगल्यासारखं वाटलं. संध्याकाळी पुण्याला फोन केला तेव्हा वडिलांनाही सांगितलं. यादवराव म्हणाले, "बरोबर केलंस." त्या रात्री विवेकला गाढ झोप लागली.

चौकशी झाली. इथल्या चौकशीत आवाज चढत नाही, सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात आणि शेवटी थँक्यू म्हणतात. सुजितला विचारलं, पाणी का चढलं? तो म्हणाला, मला माहीत नाही. मग आकडा कसा लिहिला? म्हणाला, दिसला तो लिहिला. यापलीकडे त्याला काही सांगता येईना, आणि खरं बोलणाऱ्याची हीच पंचाईत असते, त्याच्याकडे गोष्ट तयार नसते. त्या दिवसांत त्याने विवेकला तीनदा फोन केला. विवेकने उचलला नाही. शेवटी मेसेज टाकला, की चौकशी चालू असताना आपण बोलणं योग्य नाही, समजून घे. सुजितचं उत्तर आलं, "ओके दादा."

कुणी त्याला खोटारडा म्हटलं नाही. फक्त करार संपला तेव्हा तो पुढे वाढवला नाही. करार गेला तशी स्पॉन्सरशिप गेली, आणि हाताशी आलेलं पीआर पुन्हा पार क्षितिजावर गेलं. कुणाकडून तरी विवेकला कळलं, की दोघं कॅथरीन सोडून वॉलॉंगॉंगला गेलीत, सुजितने व्हिसासाठी पस्तिशीत कसलातरी कोर्स घेतलाय आणि तो वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करतो. पुढच्या चौदा एप्रिलला हॉलमध्ये खुर्च्या कुणी मांडायच्या यावर कमिटीत बरीच चर्चा झाली. विवेक सेक्रेटरी असून गप्प बसला होता.

नॉर्थचं काम क्रेग नावाच्या एकाकडे आलं. क्रेगचे आकडे सरळ उतरत गेले, कुठे खळखळ नाही. पुढच्या ड्रायमध्ये नवा सेन्सर नीट बसलाय का ते बघायला हेलनने विवेकलाच पाठवलं. इतकी वर्षं ज्याचं पाणी मोजलं ते लेक तो पहिल्यांदा बघणार होता.

दुपारी उशिरा तो आणि क्रेग तिथे पोचले. विवेकला वाटलं होतं त्यापेक्षा लेक कितीतरी मोठं होतं आणि त्याहून कितीतरी उथळ. समोरचा काठ दिसत नव्हता, पण बगळे मात्र पार आत जाऊन गुडघाभर पाण्यात उभे होते. पाठीमागून आग्नेयेचा वारा असा सुटला होता, की टोपी हाताने धरावी लागत होती. क्रेग म्हणाला, ड्रायमध्ये रोज असाच असतो, अख्खी आर्वो, म्हणजे दुपारभर, वाहतो. त्यांनी मोजपट्टी वाचली. सर्व्हेची तिवई पाण्यापासून बरंच अंतर ठेवून सुक्या चिखलात उभी केली, आणि सुसरींच्या भीतीने मुक्काम चांगला लांब, उंचवट्यावर टाकला.

सकाळी विवेक क्रेगच्या अगोदर उठला. वारा पडला होता. इतका, की कानात दडा बसल्यासारखं वाटत होतं. आकाशात नावालाही ढग नव्हता. तो सावधपणे खाली उतरला आणि थबकला. तिवईचे पाय पाण्यात होते. काल जिथे तो बुटांनी उभा राहिला होता तिथे पाणी होतं, आणि मोजपट्टीवर ते कालच्यापेक्षा चांगलं चार बोटं वर आलं होतं. रात्री एक थेंब पडला नव्हता.

मागून क्रेग जांभई देत आला. बघून म्हणाला, हां, वारा पडला ना, पाणी परत आलं, मेट. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. तो नेहमी आर्वोलाच येऊन, वाचून परत फिरायचा, म्हणून त्याचे आकडे एका सुरात असायचे.

विवेक मात्र तिथेच उभा राहिला. दिवसभर वारा या टोकाचं पाणी रेटून त्या टोकाला नेत होता आणि वारा थांबला की ते परत येत होतं. लेक चढत नव्हतं की उतरत नव्हतं, नुसतं कलत होतं. परातीत पाणी घेऊन फुंकर मारली तरी कळेल इतकी साधी गोष्ट. पुस्तकात होती, त्याने परीक्षेत लिहिलीही होती. सेन्सरलाही ती रोज दिसत होती. पण ऑफिसात दिवसभराच्या आकड्यांची सरासरी काढून एकच आकडा ठेवायचा नियम होता, आणि तो नियम विवेकनेच घातला होता, रेघ स्वच्छ दिसावी म्हणून. सुजित एका खेपेला वाऱ्यात आला असणार आणि दुसऱ्या खेपेला मुक्काम करून पहाटे पाण्यावर गेला असणार. म्हणजे त्याने इतरांपेक्षा जास्त कष्ट घेतले होते. विवेकने क्रेगकडे पाठ केली आणि उगाच तिवईशी खटपट करत राहिला.

परत आल्यावर त्याने हेलनला सगळं लिहून दिलं, स्वतःची चूक आडपडदा न ठेवता. हेलन म्हणाली, गुड कॅच. त्या जुन्या आकड्यावरचा 'शंकास्पद' शेरा काढून 'बरोबर' करायला विवेकला दोनदा क्लिक करावं लागलं. सुजितला माफीची मेल जाईल आणि जागा निघाली तर त्याचा आधी विचार करू, असंही हेलनने सांगितलं. ती भली बाई होती, तिच्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. आपल्याबद्दल मात्र विवेककडे तक्रारींचा ढीग साठला होता, आणि तो घेऊन तो सिडनीला उतरला, तिथून ट्रेनने समुद्राच्या कडेकडेने वॉलॉंगॉंगला गेला.

दार अपर्णाने उघडलं. जय भीम म्हणाली, भाऊ बसा म्हणाली, चहा केला, आणि मला शिफ्टला निघायचंय असं सांगून निघून गेली. तिने कडू शब्द काढला नाही आणि विवेककडे पाहिलंही नाही. सुजित थोडा जाड झाला होता. विवेकने वाटेत जुळवून आणलेलं सगळं बोलून टाकलं. वारा, तिवई, सरासरी, मेल. माझी चूक झाली, माझ्यामुळे तुझं नुकसान झालं, हेही म्हणाला. सुजित मन लावून ऐकत होता. लेक कलतं म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा उजळला, कितीतरी दिवस अडलेलं गणित सुटावं तसा.

"अच्छा, वारा होता होय," तो म्हणाला. "मी डोकं खाजवून खाजवून थकलो. मलाच वाटायला लागलं होतं, आपण चुकीचं वाचलं."

मग तो उठून खिडकीपाशी गेला. खाली रस्त्यावरून एक बस गेली.

"एक विचारू? क्रेगने फोटो पाठवला नसता तर तू काय केलं असतंस?"

विवेकला खोटं बोलता आलं असतं. "फोन केला असता," तो म्हणाला.

"मला वाटत होतं, तुझा माझ्यावर विश्वास नाही. तेच जास्त लागलं होतं."

"विश्वास होता," विवेक घाईने म्हणाला. "तू असं करणार नाहीस हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर..." आणि आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"लोक म्हणाले असते, आपला माणूस म्हणून पाठीशी घातलं."

सुजितने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर विवेकला सोपं गेलं असतं.

"कुठले लोक, दादा? हेलनला आपली आडनावं धड वाचताही येत नाहीत. वाचली तरी तिला त्यातून काय कळणार आहे? तिच्या लेखी आपण दोन इंडियन. आपलं आडनाव ऐकून कुणाच्या काही मनात येत नाही, म्हणून तर आलो ना आपण इथे एवढ्या लांब?"

पुण्याच्या ऑफिसातला तो व्हरांडा आणि त्यात कुजबुजणारी माणसं विवेकला डोळ्यांसमोर दिसली. त्यांतलं एकही कधी या देशात आलं नव्हतं. त्यांना तिकिटाशिवाय, व्हिसाशिवाय त्यानेच बरोबर आणलं होतं, इतकी वर्षं सांभाळलं होतं, आणि त्यांना खूश करायला आपल्या धाकट्या भावासारख्या माणसाचा बळी दिला होता.

"शिफारस केलीस तेव्हा मी काही मागितलं नव्हतं," सुजित सावकाश म्हणाला. "नंतरही मागणार नव्हतो. क्रेगला जेवढं दिलं असतंस तेवढं मला दिलं असतंस तरी पुरलं असतं."

त्याने दोघांचे कप उचलले. विवेकच्या कपातला चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती. सुजितने तो सिंकमध्ये ओतला आणि पाठमोऱ्यानेच विचारलं, की परतीची ट्रेन कितीची आहे, स्टेशनपर्यंत सोडायला येऊ का. विवेक म्हणाला, नको, जाईन मी चालत.